पाव किलो चवळीचा हिशेब

महागाईचा भडका उडाला की सत्ताधाऱ्यांच्या आणि त्यांची तळी उचलणाऱ्या वृत्तपत्रांच्या भात्यातून एक जुना बाण हमखास बाहेर पडतो. गरिबांनी काटकसरीने खावे, हा तो बाण. तूरडाळ महागली? मग कडधान्ये भिजवा. भाजी परवडत नाही? मोड आणा. पातेलेभर उसळ केली की पाच माणसांचे रात्रीचे जेवण भागते, पोषणही होते आणि पैसाही वाचतो, असे रविवारच्या पुरवण्यांतून रंगीत चित्रांसह समजावून सांगितले जाते. ज्या घरात महिन्याच्या पंधरा तारखेनंतर भाजीची पिशवी खुंटीवरून काढलीच जात नाही, त्या घरातील बाईला हा उपदेश करणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकविण्यासारखे आहे.

या उपदेशाला दोन तऱ्हेची उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर चिडीचे: “आम्हांला उसळ खायला सांगता, तुम्ही काय खाता?” ते रास्त आहे, परंतु पुरेसे नाही. दुसरे उत्तर दुर्लक्षाचे असते, आणि ते बहुधा चळवळीतील पुरुष कार्यकर्त्यांकडून येते. स्वयंपाक हा घरातला, बायकांचा विषय. त्यात राजकारण कसले, असे त्यांना मनातून वाटत असते. गेटसभेत महागाईवर तासभर बोलणाऱ्या कार्यकर्त्याला पाच माणसांच्या उसळीला किती चवळी लागते, ती किती वेळ शिजते आणि तिला किती गॅस जळतो, असे विचारले तर तो गोंधळून जातो. महागाई जेथे प्रत्यक्ष येऊन आदळते ती जागा त्याने पाहिलेलीच नसते. म्हणून एका पातेल्याचा हिशेब एकदा सगळा मांडला पाहिजे. किराणा दुकानातील दरापुरता नव्हे, तर शेतापासून चुलीपर्यंतचा.

चवळीच घेऊ. कारण ती जवळजवळ सगळीकडे मिळते. नागपूरकडे ती बरबटी होते, इंदूर-भोपाळच्या बाजारात लोबिया, बडोद्यात चोळा, हैदराबादेत बोब्बर्लू किंवा अलसंदलू, बेळगाव-धारवाडकडे अलसंदी. गोव्यात तिचाच टपोरा भाऊबंद अळसांदा तोणाकात पडतो आणि पावाबरोबर खाल्ला जातो. केरळात तांबडी चवळी पेजेबरोबर येते. कंजी आणि पयर हे तेथील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांचे दुपारचे जेवण होते. नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबाला मटकी किंवा कडवे वाल शोधत हिंडावे लागते. चवळीसाठी वणवण करावी लागत नाही.

पातेले

पाच माणसांसाठी पाव किलो चवळी पुरते. ती ताटात पसरून निवडावी. खडे आणि किडके दाणे काढून दोनतीन पाण्यांनी धुवावी आणि भरपूर पाण्यात भिजत घालावी. हरभरा किंवा राजमा यांना रात्रभर भिजावे लागते. चवळीला चारपाच तास पुरतात. सकाळी कामावर जाताना भिजत घातली तर संध्याकाळी परतेपर्यंत ती फुगून तयार असते. मोड आणायचे असतील तर पाणी काढून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून आणखी एक रात्र टांगून ठेवावी. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते आणि शिजायला वेळही कमी लागतो. जुनी, दोनदोन वर्षे गुदामात पडलेली चवळी मात्र कितीही भिजवली तरी नीट शिजत नाही. साठेबाजीचा हा एक असा पुरावा आहे की जो कोणत्याही पुरवठा निरीक्षकाला दिसत नाही, पण चुलीपुढे बसलेल्या बाईला दहा मिनिटांत कळतो.

शिजविताना ज्या गोष्टी पाळायच्या त्या पिढ्यान् पिढ्या बायकांनी पारखून घेतलेल्या आहेत, आणि त्यांच्यामागे शास्त्र आहे. आंबट पदार्थ आधी घातला तर दाण्याचे कवच मऊ पडत नाही. म्हणून आमसूल, चिंच किंवा टोमॅटो चवळी पूर्ण शिजल्यावरच घालायचा. बोअरचे जड पाणी शिजणे लांबविते. चिमूटभर सोडा घातला की काम लवकर होते हे खरे, परंतु सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. जेथे पोषणासाठीच सगळा खटाटोप चालला आहे तेथे तो न घातलेला बरा. पातेल्यात थोड्या तेलावर मोहरी, हिंग, हळद आणि चिरलेला कांदा परतावा, भिजलेली चवळी घालावी, ती बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी घालावे आणि पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यातही पाणी ओतावे. जुन्या घरांतील ही युक्ती दिसते त्याहून शहाणी आहे. वाफ त्या ताटलीला लागून थंड होते आणि पाणी बनून परत खाली पडते, शिवाय ताटलीतले पाणी तापते. उसळीतले पाणी आटले की तेच गरम पाणी आत घालायचे. थंड पाणी घातले तर उकळी मोडते आणि पुन्हा तेवढे इंधन जाळावे लागते.

दाणा बोटांनी दाबल्यावर सहज चिरडला की मीठ, घरचा काळा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला, गुळाचा लहानसा खडा आणि दोनतीन आमसुले घालावीत. चार दाणे पळीने भांड्याच्या कडेला घोटले की रस्सा आपोआप दाट होतो, खोबऱ्याच्या वाटणाचा खर्च वाचतो. ऐपत असेल त्याने ओले खोबरे आणि कोथिंबीर वरून घालावी. नसेल तर तीवाचून काही अडत नाही. जेवताना लिंबाची फोड पिळली तर चवळीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. गॅस वाचवायचा असेल तर कुकर आहेच. कुकर नसेल तर पंधरावीस मिनिटे चांगले रटरटू दिल्यावर झाकलेले पातेले जुन्या गोधडीत गुंडाळून तासदीड तास ठेवावे. आतल्या उष्णतेवर चवळी शिजत राहते. ही गोधडीची रीत राजम्याला मात्र बेताने लावावी. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावाचून ते जात नाही, आणि मंद उष्णतेवर अर्धवट शिजलेला राजमा उलट्या-जुलाबांना कारण होतो.

आता हिशेब. चवळीत शंभर ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. पाव किलोत ६० ग्रॅम झाली. पाच माणसांत माणशी १२ ग्रॅम. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात असे शास्त्रज्ञ मानतात, म्हणजे एका जेवणातल्या एका वाटीने चौथा हिस्सा भागला. त्याच ताटात ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी असली की दोघींची उणीव दोघी भरून काढतात. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसे. उसळ-भाकरी ही जोडी ज्यांनी पहिल्यांदा जमविली त्यांना ही नावे ठाऊक नव्हती. त्यांनी हे पोटावरून ओळखले होते.

पुरवण्यांतील लेख येथे संपतात. पुढचा हिशेब येथून सुरू होतो.

जे दरात धरले जात नाही

‘स्वस्त’ म्हणजे कोणाला स्वस्त? दुकानातून आणलेली कोरडी चवळी आणि ताटात वाढलेली उसळ यांच्यामध्ये पाणी आहे, इंधन आहे आणि वेळ आहे. शहरातल्या वस्तीत सार्वजनिक नळावर रांग असेल तर दोनतीन वेळा धुण्याचे आणि भिजविण्याचे पाणी हंड्यातून येते. इंधनाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघर शेगड्या गेल्या, फलक लागले. २०२२ साली घरगुती सिलिंडरचा भाव हजार रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा त्याच घरांतून शेगडी फडक्याखाली झाकून ठेवलेली आणि शेजारी चूल पेटलेली दिसू लागली. सिलिंडर महागला की सर्वांत आधी मागे पडते ते जास्त वेळ शिजणारे अन्न. कडधान्याच्या जागी बटाटा येतो, किंवा पातळ कालवण आणि भात. दुकानात कडधान्याचा भाव एक पैशाने न वाढताही गरिबाच्या ताटातून कडधान्य अशा रीतीने नाहीसे होऊ शकते, आणि महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात त्याची नोंद होत नाही.

आणि वेळ. तो कोणाचा? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. त्यातही घरकामात काही ना काही भाग घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात ८१ होते आणि पुरुषांचे २६. म्हणजे चारांतील तीन पुरुषांचा हात पातेल्याला लागतच नाही. आदल्या रात्री आठवणीने भिजत घालणे, सकाळी उपसणे, फडक्यात बांधणे, संध्याकाळी कामावरून थकून आल्यावर निवडणे-चिरणे-फोडणी, आणि शेवटी तळाशी करपलेले पातेले घासणे, या सर्व श्रमांचा दर शून्य धरल्यामुळेच उसळ ‘स्वस्त’ ठरते. मालकाला कामगाराची श्रमशक्ती रोज ताजी करून मिळते, तिच्यासाठी लागणारा हा दुसरा दिवसपाळीचा श्रम त्याला फुकट मिळतो. मजुरी कमी ठेवणे त्यामुळे सोपे जाते.

लेनिनने १९१९ साली ‘महान प्रारंभ’ या लेखात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. कायद्याने समानता मिळूनही स्त्री क्षुद्र घरकामाच्या ओझ्याखाली चिरडली जाते, आणि सार्वजनिक भोजनगृहे, पाळणाघरे, बालोद्याने ही साधी, रोजची वाटणारी साधनेच तिला त्यातून सोडवू शकतात, असे त्याने प्रतिपादले. हा लेख अभ्यासवर्गातून आवर्जून वाचला जातो. वाचून घरी परतल्यावर जेवणाचे ताट मात्र पूर्वीसारखेच पुढ्यात येऊन ठेवले जाते. या बाबतीत कार्यकर्त्याचे घर इतरांच्या घरांहून फार निराळे असते असा दावा कोणी प्रामाणिकपणे करू शकेल काय?

शेताची बाजू

आता पातेल्यातून मागे, रानाकडे जाऊ. चवळी, मटकी, हुलगा, मूग ही कोरडवाहू शेतकऱ्याची पिके. बाजरी-ज्वारीच्या ओळींमध्ये ती टाकायची, आलेल्या पावसावर येतील तेवढी घ्यायची. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणजे खताचा खर्च ही पिके काही अंशी स्वतःच भरून काढतात. इतक्या गुणी पिकाला राज्यव्यवस्थेने काय दिले?

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. त्यानंतरच्या हरितक्रांतीत कालव्याचे पाणी, सुधारलेले बियाणे, खत आणि सरकारी खरेदी हे सर्व गव्हाच्या आणि भाताच्या पाठीशी उभे राहिले. देशाला धान्याची तूट होती, तेव्हा हे आवश्यक होते. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु कडधान्ये हलक्या, पाण्यावाचूनच्या जमिनीकडे ढकलली गेली, त्याचा परिणाम आकड्यांतच दिसतो. १९५१ साली दर माणशी रोज ६०.७ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होते, १९६१ साली ६९ ग्रॅम. १९७१ साली ते ५१.२ झाले, १९८१ साली ३७.५ आणि २००१ साली अवघे ३०. त्यानंतर उत्पादन वाढून आकडा पुन्हा वर चढला हे खरे. तरी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या ताटात सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत. पाच माणसांचे ते सव्वाचारशे ग्रॅम होतात. पुरवण्यांनी ज्याची एवढी वाखाणणी केली ते पाव किलोचे पातेले त्याचा तीन-पंचमांशही भाग भरत नाही.

केंद्र सरकार दरवर्षी किमान आधारभूत किमती जाहीर करते. त्या यादीत कडधान्ये पाच आहेत: तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर. चवळी नाही. मटकी नाही, हुलगा नाही, वाल नाही, घेवडा नाही. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा घ्या. त्याच्या दाण्यावरील वाघासारख्या पट्ट्यांमुळे आणि चवीमुळे त्याला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. मान्यतेचा कागद मिळाला, भावाची हमी नाही. गरिबांना जी कडधान्ये खाण्याचा उपदेश केला जातो तीच पिकविणाऱ्याला व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो, कारण शासनाच्या दप्तरी त्या पिकाची किंमतच लिहिलेली नाही.

यादीत नाव असूनही काय होते ते तुरीने दाखविले. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली, तेव्हा शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला नव्हता. त्याच्या घरातला माल केव्हाच विकला गेला होता. भाव पाहून पुढच्या हंगामात त्याने तूर पेरली, पाऊस बरा झाला आणि २०१६-१७ साली देशात कडधान्यांचे विक्रमी पीक आले. त्या वेळी आधारभूत किंमत बोनससह क्विंटलला ५०५० रुपये होती आणि बाजारात तूर चार हजारांच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याखालीही विकली जात होती. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदान नाही म्हणून खरेदी थांबली, शेतकरी पोत्यांवर झोपून राहिले. आणि त्याच्या आदल्या जुलैमध्ये, म्हणजे पीक उभे राहत असतानाच, सरकारने मोझांबिकशी पाच वर्षे तूर आयात करण्याचा करार केला होता.

येथे मोझांबिकच्या शेतकऱ्याशी कोणाचे वैर नाही. तोही आपल्याइतकाच कष्टकरी आहे. प्रश्न आयातीच्या वेळेचा आणि हेतूचा आहे. शेतकऱ्याच्या घरी माल येतो तेव्हा आयात भाव पाडते, आणि माल व्यापाऱ्याच्या गुदामात गेल्यावर भाव चढतो; दोन्ही वेळा नफा मधल्याचाच. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त करण्यात आला. पांढऱ्या-पिवळ्या वाटाण्याचा मोठा पुरवठा कॅनडा आणि रशियातून होतो. स्टेशनबाहेरच्या गाडीवर कामगार जी मिसळ खातो, तिच्यातली उसळ पुष्कळदा सात समुद्र ओलांडून आलेली असते. २०२४-२५ या वर्षात देशाने सत्तर लाख टनांहून अधिक कडधान्ये बाहेरून आणली. कडधान्ये पिकविण्यात आणि खाण्यात जगात पहिला असलेला देश ती विकत घेण्यातही पहिला आहे.

गुदामांचेही तेच. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला. जून २०२० मध्ये, सारा देश टाळेबंदीतून धडपडत उठत असताना, अध्यादेश काढून डाळींसह मुख्य अन्नवस्तूंवरील ही मर्यादा ढिली करण्यात आली. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर थंडी-उन्हात बसले तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेला तो कायदा इतर दोन कायद्यांसह मागे घ्यावा लागला. पुढे जुलै २०२२ मध्ये वेष्टनबंद डाळी-कडधान्यांवर पाच टक्के कर बसविण्यात आला. काटकसरीचा उपदेश चालूच होता.

रेशन दुकान

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने देशातील दोनतृतीयांश लोकसंख्येला धान्याचा हक्क दिला. डाव्या पक्षांनी आणि अन्नहक्क चळवळीने मागणी केली होती सार्वत्रिक वितरणाची आणि त्यात डाळ-तेल असावे अशीही. ती मान्य झाली नाही. दर माणशी पाच किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत. परंतु पाच किलोच्या पिशवीत गहू आणि तांदूळ असतो, डाळीचा दाणा नसतो. पोट भरते, अंग भरत नाही.

हे अशक्य होते काय? एप्रिल २०२० पासून काही महिने केंद्राने रेशनकार्डावर कुटुंबाला महिना किलोभर डाळ किंवा हरभरा दिला. म्हणजे यंत्रणा आहे, गाड्या आहेत, गुदामे आहेत. संकट ओसरताच ती पिशवी बंद झाली, जणू कडधान्याची गरज रोगाच्या साथीपुरतीच असते. तामिळनाडूत विशेष वितरण योजनेखाली रेशन दुकानातून तूरडाळ किलोला ३० रुपये दराने मिळत आली आहे. ती योजना २००७ साली सुरू झाली. महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीत काय केले? शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर यांचा एकेक किलो व लिटरभर पामतेल, आणि त्याला नाव ‘आनंदाचा शिधा’. सणाला आनंद, उरलेले अकरा महिने काय, हे विचारायचे नाही. हक्काची वस्तू भेट म्हणून द्यायची आणि पिशवीवर पुढाऱ्यांची छायाचित्रे छापायची, ही सरंजामी वृत्ती लोकशाहीच्या वेषात किती सहज वावरते!

शाळेच्या पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे २० ग्रॅम आणि वरच्या वर्गात ३० ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेले आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते; जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यासाठीचा निधी बंद केला. हे येथे सांगण्याचे कारण असे की कडधान्याची महती काही मंडळी अंड्या-मांसाविरुद्ध शस्त्रासारखी वापरतात. उसळ चांगली म्हणून अंडे वाईट, हा युक्तिवाद उच्चवर्णीय सोवळ्याचा आहे, पोषणशास्त्राचा नाही. ज्याला जे खायचे ते परवडले पाहिजे.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी हा प्रश्न स्वयंपाकघरातून रस्त्यावर आणलेला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या डाव्या पक्षांतील नेत्या तिच्यात एकत्र होत्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेल्या त्या मोर्च्यांनी मंत्र्यांची झोप उडविली. त्या बायकांजवळ आकडे होते. तेल किती लागते, रॉकेल किती लागते, रेशनवरचे धान्य कितव्या तारखेला संपते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. नेतृत्वाने ते ऐकून घेतले आणि त्यातून मागण्या घडल्या.

१९७५ साली गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, त्याचाही पाया हाच. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार ज्यांच्या घरी महिनेवारीने जेवत, त्या खानावळवाल्या बाया पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पातेल्यांपुढे उभ्या असत. किराणा उधारीवर, भांडवल सावकाराचे, आणि त्यांना कामगार म्हणून कोणी मोजतच नव्हते. घरच्या स्वयंपाकात चार माणसे जास्त, एवढीच त्यांच्या श्रमाची किंमत. गिरणीतील संप ज्यांच्या उसळ-भातावर टिकले त्या या बाया. मंडळाने त्यांना संघटित केले, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या नावावर मिळवून दिले. जे काम एका घरात शून्य दराचे होते, तेच संघटित होताच धंदा आणि श्रम म्हणून ओळखले गेले.

आजच्या शाखांपुढे यातून काही ठोस कामे उभी राहतात. रेशन दुकानातून दर कुटुंबाला महिना निदान दोन किलो डाळी-कडधान्ये, तीही स्थानिक लोक खातात ती. चवळी, मटकी, हुलगा, वाल यांना आधारभूत किमतीच्या यादीत जागा आणि शेतकऱ्याच्या दारी माल असताना खरेदी. पोषण आहार शिजविणाऱ्या बायांना मानधनाऐवजी वेतन. या मागण्यांची निवेदने लिहिण्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील दहा घरांत कोणत्या तारखेला कडधान्य संपते आणि शेवटचे सिलिंडर कधी भरले, एवढी नोंद करावी. ती नोंद घ्यायला पुरुष कार्यकर्त्यांनी जावे. आणि जिल्ह्याच्या पुढील अभ्यासशिबिरात पन्नास प्रतिनिधींची उसळ करावयाची असेल तर अडीच किलो चवळी लागेल. ती दुपारी बाराला भिजत घालावी लागेल, म्हणजे जागतिक परिस्थितीवरील चर्चा ऐन रंगात आली असताना कोणाला तरी उठावे लागेल. कोणी उठायचे, ते शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत नावानिशी छापावे.